शर्ट मिळाला, पथकाचं काय?

भिवंडीत कापडाचा दुष्काळ कधी पडत नाही. कामतघर, पद्मानगर, फेणेगाव, नारपोली, कुठल्याही गल्लीत शिरा, मागांचा खडखडाट कानावर येतोच. तरीही आज या पानावर आपण एका शर्टाबद्दल बोलणार आहोत. स्टील ग्रे रंगाचा, दोन खिशांचा, खांद्यावर पट्ट्या असलेला शर्ट. स्काऊटचा.

आठवून बघा. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्य सरकारची 'एक राज्य, एक गणवेश' योजना गाजली होती. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना दोन गणवेश मिळणार होते. एक रोजचा आणि दुसरा स्काऊट-गाईडचा. कापडाची खरेदी एकाच ठिकाणाहून. रोजचा गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांनी शिवायचा. स्काऊटच्या गणवेशाचं कापड मात्र शाळेकडे द्यायचं आणि शाळा व्यवस्थापन समितीने ते शिवून घ्यायचं. त्यासाठी दर गणवेशामागे ११० रुपये, म्हणजे १०० रुपये शिलाई आणि १० रुपये बाकीचा खर्च. आता तुमच्या नाक्यावरच्या टेलरकाकांना विचारा, शंभर रुपयांत शर्ट-पँट शिवून द्याल का? काका हसतील आणि मशीन चालू करतील.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. जूनमध्ये शाळा भरल्या, गणवेश आले नाहीत. १५ ऑगस्ट उजाडला तरी अनेक ठिकाणी पोरं जुन्याच कपड्यांत झेंड्याला सलामी देत होती. जे गणवेश आले त्यांतले काही ढगळ, काही तोकडे, काहींची शिलाई उसवलेली. टीका झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला. २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं.

या सगळ्या गोंधळात कापडाबद्दल बोललं गेलं, टेंडरबद्दल बोललं गेलं, शिलाईबद्दल तर खूपच. एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला. मुलांना स्काऊटचा शर्ट दिला, पण त्यांच्या शाळेत स्काऊटचं पथक आहे का? असेल तर ते चालवायला कुणी शिकलेलं माणूस आहे का? शर्टाची चर्चा वर्षभर चालली, पथकाची एक दिवसही नाही. आमचं म्हणणं त्याबद्दल आहे. आणि ते शाळेतल्या पोरांपेक्षा कॉलेजात बसलेल्या आपल्यासाठी जास्त आहे.

आधी वचन, मग गणवेश

'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० ला जन्मली. २०२५ मध्ये तिला ७५ वर्षं झाली. तिची नियमांची पुस्तकं आहेत, ज्यांना सगळे 'ॲप्रो' म्हणून ओळखतात. त्यात चळवळीची जी व्याख्या आहे त्यातला पहिलाच शब्द आहे 'ऐच्छिक'. म्हणजे ज्याला यायचंय तो येईल. त्यानंतर येतं राजकारणापासून दूर, शैक्षणिक, आणि जन्म-वंश-पंथ न बघता सगळ्यांना खुली.

दुसरा नियम गणवेशाचा. नव्या मुलाने आधी 'प्रवेश'चा अभ्यासक्रम पूर्ण करायचा. वचन आणि नियम समजून घ्यायचे, घरात महिनाभर रोज एक सत्कृत्य करून वहीत लिहायचं, सलामी आणि डाव्या हाताचं हस्तांदोलन शिकायचं, झेंड्यांची माहिती घ्यायची. मग दीक्षाविधी होतो. पथकासमोर उभं राहून मुलगा किंवा मुलगी वचन घेते. त्यानंतरच बॅज आणि गणवेशाचा हक्क मिळतो. सलामीची तीन बोटं वचनाच्या तीन भागांची आठवण म्हणून असतात. म्हणजे गणवेश ही सुरुवात नाही, एका टप्प्यानंतर मिळालेली गोष्ट आहे.

आपल्याकडे क्रमच उलटा झाला. वचन न घेता, पथक नसताना, आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी लाखो मुलांनी स्काऊटचे कपडे घालायचे असं ठरलं. भिवंडीत 'ग्रे' कशाला म्हणतात ते इथल्या पोरांना सांगायला नको. मागावरून उतरलेलं, पण अजून प्रोसेसला न गेलेलं कापड. ते विकता येतं, मोजता येतं, पण अंगावर घालायच्या लायकीचं झालेलं नसतं. तो स्काऊटचा गणवेश नेमका तसाच होता. कागदावर मोजता आला, पण त्यामागे प्रोसेस नव्हती.

यावर कुणी म्हणेल, 'अहो, पण गरीब मुलाला एक चांगला शर्ट फुकट मिळाला ना? त्यात काय बिघडलं?' हा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. शर्ट, पँट, टोपी, स्कार्फ, वॉगल, बेल्ट, शिट्टी हा सगळा सेट दुकानातून घ्यायचा तर मागावर बारा तास उभं राहणाऱ्या बापाला तो परवडत नाही. पैशांअभावी किती पोरं स्काऊटच्या रांगेबाहेर राहिली असतील. म्हणून सरकारने गणवेश फुकट द्यावा, जरूर द्यावा. फक्त तो दीक्षाविधीच्या दिवशी द्यावा. ज्या शाळेत पथक उभं राहील, तिथे वचन घेणाऱ्या प्रत्येक मुलाला. मग त्या शर्टाला किंमत येईल, आणि तो शिवायला ११० रुपयांपेक्षा जास्त द्यायचीही कुणाला लाज वाटणार नाही.

गणवेश नेमका कशासाठी?

१ ऑगस्ट १९०७ ला रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राऊन्सी बेटावर वीस मुलांचं शिबिर घेतलं. त्यात काही मुलं श्रीमंतांच्या बोर्डिंग शाळांतली होती, काही कामगारवस्तीतली. चार संघ केले: लांडगे, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळे. श्रीमंत-गरीब पोरं त्या संघांत मिसळून टाकली. गणवेशामागची कल्पना इथेच आहे. कुणाचा बाप काय करतो हे कपड्यांवरून कळू नये.

गंमत म्हणजे हीच चळवळ भारतात आली तेव्हा भारतीय पोरांनाच दार बंद होतं. १९०९ मध्ये कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळुरूत पहिलं पथक काढलं ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. मग आपल्या लोकांनी आपली वाट काढली. १९१६ मध्ये ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासला भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. १९१८ च्या सुमारास मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीचे स्काऊट उभे केले. कुंझरू म्हणजे गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य आणि पुढे अनेक वर्षं त्याचे अध्यक्ष. १९३७ च्या भारतभेटीनंतर बेडन-पॉवेल यांच्या भारतीयांबद्दलच्या अपमानकारक शेऱ्यांमुळे संताप उसळला आणि त्यातून १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर या वेगवेगळ्या संघटना एकत्र आल्या आणि १९५१ मध्ये गाईडही त्यांना येऊन मिळाल्या. नव्या संस्थेच्या राष्ट्रीय आयुक्तांपैकी एक होते न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, नागपूरच्या हायकोर्टातले आणि पुढे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की या गणवेशासाठी आपल्या आधीच्या पिढ्या भांडल्या आहेत. 'आम्हालाही घ्या' म्हणून नव्हे, 'आम्ही आमचं उभं करू' म्हणून.

आणि नियम वाटतात तितके कडकही नाहीत. वचनात 'ईश्वर' शब्द नको असेल तर त्याजागी 'धर्म' म्हणता येतं. शीख मुलाला टोपीऐवजी पगडी चालते. गाईडला सलवार-कमीज आणि दुपट्ट्याचा पर्याय आहे. स्कार्फचा रंग पथक स्वतः निवडतं. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा भाषांच्या शाळा एकाच शहरात असलेल्या भिवंडीसाठी ही लवचीकता फार मोलाची आहे. कपड्यावरून किंवा देवाच्या नावावरून कुणी बाहेर राहू नये, याची सोय नियमातच आहे. वापरणारे आपण हवेत.

ही लष्कराची ज्युनिअर शाखा नव्हे

गणवेश, सलामी, शिट्टी, रांग. हे सगळं बघून अनेकांना वाटतं स्काऊट म्हणजे छोटं एनसीसी. जून २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याची घोषणा केली, तेव्हा माजी सैनिक, क्रीडाशिक्षक आणि एनसीसीच्या जोडीला स्काऊट-गाईडचंही नाव घेतलं गेलं. म्हणजे हा घोळ थेट वरपर्यंत आहे.

तिघांतला फरक एकदा नीट समजून घेऊ. एनसीसी १९४८ च्या कायद्याने आली, ती संरक्षण मंत्रालयाखाली चालते, तिथे कवायत आणि हत्यारांचं प्रशिक्षण असतं. एनएसएस १९६९ मध्ये सुरू झाली, ती कॉलेजातल्या सेवेसाठी. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि मुंबई विद्यापीठात त्याचे दहा मार्क. स्काऊट-गाईड ही सरकारी खातं नसलेली, स्वतःची नोंदणी असलेली संस्था. तिथे बंदूक नाही. तिथे हुकूम देणाराही बहुतेक वेळा तुमच्याच वयाचा असतो. एनसीसीला आमचा अजिबात विरोध नाही. भिवंडीतून सैन्यात, पोलिसात जाणाऱ्या पोरांना तिचा फायदाच होतो. पण सहा वर्षांच्या मुलाला 'सावधान-विश्राम' शिकवून त्याला स्काऊट म्हणायचं असेल, तर शब्द तरी दुसरा शोधा.

स्काऊटच्या नऊ नियमांत शिस्त आहे, पण ती सहाव्या नियमात आहे आणि सार्वजनिक मालमत्ता जपण्याच्या जोडीने आहे. त्याआधी विश्वासूपणा आहे, निष्ठा आहे, सगळ्यांशी मैत्री आहे, सौजन्य आहे, प्राणी आणि निसर्ग यांच्यावरचं प्रेम आहे. क्रम उगाच लावलेला नाही.

बॅज कुणाचा, मार्क कुणाचे?

आता सन्मानांकडे येऊ, कारण खरी भानगड तिथे आहे.

शाळेतल्या स्काऊटची शिडी अशी: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. कॉलेजातल्या रोव्हर-रेंजरला प्रवीण, निपुण, मग राज्य आणि राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीवर गाठी, प्रथमोपचार, नकाशा, स्वयंपाक, शिबिर, सेवा असं काहीतरी हाताने करून दाखवायचं असतं. शिडी उत्तम आहे. अडचण शिडीच्या टोकाला टांगलेल्या गोष्टींची आहे.

दहावी-बारावीला खेळाडू आणि एनसीसीप्रमाणे स्काऊट-गाईडच्या मुलांनाही सवलतीचे गुण मिळतात. रेल्वेत स्काऊट-गाईड कोटा आहे. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वूड बॅज लागतो, पाच वर्षं सक्रिय असल्याचा दाखला लागतो, राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरच्या मेळाव्यांतला सहभाग लागतो. ६० मार्कांची लेखी परीक्षा आणि ४० मार्क सर्टिफिकेटचे. ऐकायला भारी वाटतं. पण जागा किती? मध्य रेल्वेच्या अलीकडच्या जाहिरातींत लेव्हल २ च्या दोन आणि लेव्हल १ च्या दहा. मुंबईपासून नागपूर-सोलापूरपर्यंतच्या सगळ्या विभागांसाठी मिळून बारा. भिवंडी रोड स्टेशनावर सकाळी दिव्याच्या गाडीला जेवढी माणसं एका डब्याच्या दाराशी उभी असतात, त्याहून कमी.

ज्याला त्या बारांत जायचंय त्याने जरूर जावं. मेहनतीचा मोबदला मागण्यात काही गैर नाही. पण जेव्हा आई-बाप, शाळा आणि मुलं सगळेच टोकाकडे बघून चढतात, तेव्हा पायऱ्या नुसत्या सह्यांसाठी उरतात. 'खरी कमाई' आठवते? मुलांनी शेजारपाजारी छोटी कामं करून चार पैसे स्वतः मिळवायचे, श्रमाची किंमत कळावी म्हणून. आणि आपल्यातल्या कितीजणांनी केलं काय? कार्डावर लिहिलं 'गाडी धुतली', 'भाजी आणून दिली', 'कपाट आवरलं', आणि पैसे दिले पप्पांनी. पप्पांची कमाई अर्थातच खरी होती. कार्ड तेवढं खोटं.

हसू येतं, पण विचार करा. सन्मान देणाऱ्या चळवळीत पहिल्याच वर्षी मुलगा शिकतो की कार्ड भरलं की झालं. कॉलेजला आल्यावर तोच मुलगा एनएसएसचे तास भरतो, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मित्राच्या काकांकडून आणतो आणि सीव्हीवर 'लीडरशिप स्किल्स' लिहितो. दोष एकट्या मुलाचा नाही. जिथे काम बघणारं कुणी नाही आणि कागद बघणारे सगळे आहेत, तिथे दुसरं काय होणार?

सहा जणांचा संघ

मग या सगळ्यात जपण्यासारखं काय आहे? आमच्या मते एकच गोष्ट, आणि ती गणवेशात नाही, पुरस्कारातही नाही. ती आहे संघपद्धती.

पथकात सहा ते आठ मुलांचे छोटे संघ असतात. प्रत्येक संघाला संघनायक, त्याच्या हाताखाली उपनायक. तंबू कुठे ठोकायचा, भात कोण लावणार, दमलेल्या पोराची सॅक कोण घेणार, हे संघनायक ठरवतो. पथकाचे मोठे निर्णय मानसभेत होतात. मानसभा म्हणजे संघनायकांची बैठक. तिथे बारा-तेरा वर्षांची मुलं मतं मांडतात, चुकलेल्या साथीदाराचं काय करायचं ते ठरवतात. स्काऊट मास्टर बसलेला असतो, पण सगळं त्याने बोलायचं नसतं. नेतृत्वावर सेमिनार ऐकून जे कळत नाही ते इथे एका रविवारी कळतं. कच्चा भात सात जणांना वाढताना चेहऱ्यावर काय येतं, ते कुठल्याही स्लाईडवर दिसत नाही.

भिवंडीसाठी यात आणखी एक गंमत आहे. स्काऊटच्या पहिल्या गाठींपैकी एक म्हणजे शीट बेंड. दोन वेगळ्या जाडीचे दोर जोडणारी गाठ. हिंदीत तिला 'जुलाहा गाँठ' म्हणतात, म्हणजे विणकराची गाठ. मागावर तार तुटली की कारागीर बोटांच्या चिमटीत क्षणात मारतो तीच ही. पुस्तकातली आकृती बघून गाठ शिकणाऱ्या मास्तरांपेक्षा लूमवर बापाला डबा द्यायला जाणाऱ्या पोराला ती जास्त सफाईने येते. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारं ते पोर त्या दिवशी संघाला गाठ शिकवेल. त्याला नेता बनवायला वेगळ्या भाषणाची गरज नाही. त्याला फक्त एक संघ हवा.

आणि आपल्याला नेतृत्व शिकायला जागा तरी किती उरल्यात? कॉलेजातल्या थेट निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर बंद पडल्या. उरले फेस्टचे सीएल आणि व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन. रोव्हर-रेंजर विभाग १५ ते २५ वयाच्या मुलामुलींसाठी आहे, म्हणजे अगदी आपल्यासाठी. त्याचं ब्रीद एकाच शब्दाचं आहे: सेवा. तुमच्या कॉलेजात रोव्हर क्रू किंवा रेंजर टीम आहे का? नसेल तर प्राचार्यांना कधी कुणी विचारलंय का?

तयार कशासाठी?

स्काऊटचं ब्रीदवाक्य 'तयार'. भिवंडीला या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नाही.

२१ सप्टेंबर २०२० ची पहाट. धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाऊंडमधली तीन मजली जिलानी इमारत झोपेतल्या माणसांसकट कोसळली. जवळपास चाळीस माणसं गेली. एनडीआरएफचे जवान यायच्या आधी ढिगाऱ्यात हात घालणारे शेजारीपाजारी होते. त्यांनी हाताने विटा उचलून अनेकांना बाहेर काढलं. २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्यात पुन्हा इमारत पडली, पुन्हा माणसं गेली. गोदामांच्या पट्ट्यात आगी लागतात. गणपतीत वऱ्हाळदेवी तलावावर विसर्जनाची गर्दी होते. या प्रत्येक ठिकाणी पहिली दहा मिनिटं शेजाऱ्यांची असतात. त्या दहा मिनिटांत पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाला कसं उचलायचं, दोन काठ्या आणि दोन शर्टांचं स्ट्रेचर कसं करायचं, रक्त कसं थांबवायचं, गर्दी कशी मागे सारायची, हे येणारी चार पोरं प्रत्येक गल्लीत असतील तर? हे सगळं द्वितीय आणि तृतीय सोपानाच्या आसपास शिकवलं जातं. राष्ट्रपती पुरस्काराच्या वाटेवर 'अँब्युलन्स मॅन' नावाचा बॅजच आहे. फक्त तो खरा मिळवलेला हवा. खोट्या सहीचा 'अँब्युलन्स मॅन' ढिगाऱ्यापाशी उभा राहून व्हिडिओ काढेल, दुसरं काय करणार?

आणि नियम तिसरा: स्काऊट सगळ्यांचा मित्र. या शहराने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्यात. त्यानंतर १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांच्या साध्या माणसांना एकत्र बसवलं, जबाबदारी दिली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. हा अनुभव काय सांगतो? माणसं एकमेकांना नावानिशी ओळखत असली की अफवेला पाय फुटत नाहीत. पद्मानगरची तेलुगू पोरगी, कामतघरचा आगरी पोरगा आणि निजामपुऱ्यातला उर्दू शाळेचा मुलगा एकाच शिबिरात एकाच पातेल्यातला भात खाऊन वाढले, तर वीस वर्षांनी या शहराला वेगळी कमिटी नेमायची वेळ कदाचित येणार नाही.

मग करायचं काय?

सरकारला आणि महापालिकेला आमचं सांगणं थोडकं आहे. गणवेश किती वाटले हा आकडा द्याल तेव्हा त्याच्या शेजारी दुसरा आकडा द्या: किती शाळांत नोंदणी झालेलं पथक आहे आणि किती शिक्षकांचं प्रशिक्षण झालंय. शिक्षकाला जनगणना, निवडणूक, सर्वेक्षण यांतून सोडवून आठवड्याचे दोन तास पथकासाठी द्या. स्काऊटची तासिका वेळापत्रकात लिहायची आणि त्या वेळी गणित घ्यायचं, हा खेळ बंद करा. आणि लष्करी प्रशिक्षणाच्या यादीतून स्काऊटचं नाव वगळा.

शाळांना एवढंच: 'खरी कमाई'चे पैसे कमी आले तरी चालतील, पण खरे येऊ द्या. बॅजवर सही करण्याआधी मुलाला गाठ मारायला लावा. संघनायक वर्गातला पहिला नंबर बघून नेमू नका. ७ नोव्हेंबरला झेंड्याचे स्टिकर खपवण्यापेक्षा त्या दिवशी एक मानसभा भरवा आणि मुलं काय म्हणतात ते ऐका.

आणि आपल्याला. हो, आपल्यालाच. शाळांत पथकं का नाहीत? कारण ती चालवायला माणसं नाहीत. गाईडच्या पथकाला तर कॅप्टन महिलाच लागते. ती मिळाली नाही की मुलींचं पथक उभंच राहत नाही, आणि शर्ट मिळूनही मुली मैदानाबाहेर बसतात. या कामासाठीची वयाची अट कॉलेजच्या पोरापोरींच्या आवाक्यातली आहे. सुरुवातीला सहायक म्हणून जाता येतं. बेसिक कोर्स काही दिवसांचा असतो. त्यापुढे ॲडव्हान्स कोर्स आणि हिमालय वूड बॅजची वाट आहे. राज्य संस्थेचं कार्यालय दादरला शिवाजी पार्कच्या स्काऊट-गाईड पॅव्हेलियनमध्ये आहे, कामतघरहून ठाणेमार्गे दीड-दोन तासांच्या अंतरावर. पुण्यात 'संगम' हे गर्ल गाईड्सचं जागतिक केंद्र १९६६ पासून आहे. जगभरात अशी केंद्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं एक आपल्या राज्यात. आपल्यातल्या किती मुलींनी ते पाहिलंय?

शनिवारी दुपारी दोन तास. एवढंच मागणं आहे. तुमच्या घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा. 'सर, आम्ही तिघं-चौघं येतो, पथक सुरू करू या' म्हणा. त्यांच्याकडे कपाटात कदाचित स्टील ग्रे शर्टांचा गठ्ठा अजून पडून असेल. शर्ट आहेत, पोरं आहेत, मैदान नसलं तर तलावाचा काठ आहे. गाठ मारायला शिकवणारा पोरगा तर वर्गातच बसलाय. वयाने थोडं मोठं आणि वेळेवर येणारं माणूस तेवढं हवंय.